झिपरीचं न खाणारं पिल्लू

रान गावाला लागून होतं तेव्हाची ही गोष्ट. झिपरी नावाच्या मांजरीने आईवेगळं अजगराचं पिल्लू सांभाळायला घेतलं. पण ते काही केल्या खाईना. बरगड्या दिसायला लागल्या.

झिपरीने उंदीर मारून आणला. आपल्या पोरांना द्यायची तसे त्याचे बारीक तुकडे केले आणि पिल्लाच्या तोंडाशी नेले. "हा घास चिऊचा, हा घास काऊचा. खा रे माझ्या सोन्या!"

पिल्लाने डोकं वेटोळ्यात खुपसलं. तिने पंजाने ते बाहेर ओढलं, चाटलं, पुन्हा घास पुढे केला. तेवढ्यात कावळा खरंच हजर झाला. "माझा घास कुठाय, वहिनी?"

"मेल्या, इथे लेकराचा जीव चाललाय!" झिपरी फिस्कारली, तसं पिल्लू आणखीच घट्ट वळलं.

बांधावरून घोरपड म्हणाली, "अगं, आमच्यात घास भरवत नाहीत. अख्खा उंदीर ठेव, पाल्याचा आडोसा कर आणि तिथून ऊठ."

"आणि नाहीच खाल्लं तर?"

"तू बघत बसलीस तर नक्कीच नाही खाणार."

झिपरीने दुसरा उंदीर आणून अख्खाच ठेवला, वर पाला ओढला आणि थोडी लांब पाठ करून बसली. नखं मातीत रुतली होती. कान तेवढे मागे वळले होते. बराच वेळ काहीच वाजलं नाही. मग पाला सळसळला आणि उंदीर आत ओढला गेल्याचा आवाज आला.

"वळू नकोस हं," घोरपड हळूच म्हणाली.

"नाही वळत," झिपरी म्हणाली, आणि तिने डोळेही गच्च मिटून घेतले.