उशाशी बसायच्या वशाची कहाणी

ऐका बायांनो, उशाशी बसायचा वसा. आटपाट नगरात घरं उदंड, देवळं त्याहून उदंड. तिथल्या कोतवालाची बायको मैनावती. तिचा नेम मोठा कडक. शुक्रवारी बाया जमवायच्या, मुठीत तांदूळ धरायचे, कहाणी ऐकायची. संपेपर्यंत कोणी उठायचं नाही, मूठ सोडायची नाही.

तिच्या दारासमोर देवळाची पायरी. पायरीवर एक म्हातारी बारा वर्षं राहत होती. घर नाही, दार नाही. एके शुक्रवारी तिचा शेवट जवळ आला. आत कहाणी सुरू झाली. म्हातारीनं हाक मारली, "माई, जरा येऊन बस गं." मैनावतीनं दासीला खुणावलं, भाकर पाठवली. मग दुसरी हाक आली, "माई, भाकर नको, भ्या वाटतंय." मैनावतीनं घोंगडी पाठवली. मग तिसरी हाक आली, "माई, माझं नाव तरी…" आतली एक म्हणाली, "मेलीला नेमकं आत्ताच मरायचं होतं!" बाया पदराआड हसल्या. कहाणीच्या चारच ओळी राहिल्या होत्या. कोणी उठलं नाही.

कहाणी संपली. दार उघडलं. म्हातारी गेली होती. भाकर तशीच, घोंगडीची घडीही तशीच. न्यायला माणसं आली. विचारू लागली, "नाव काय हिचं?" बारा वर्षं भाकर घातली, नाव एकीलाही ठाऊक नव्हतं!

तुम्ही म्हणाल, देवीच असेल ती, परीक्षा पाहायला आलेली. नव्हती हो. बाई होती. म्हणून तर अंगावर काटा येतो. देवी पुन्हा येते, बाई येत नाही.

मग मैनावती तांदूळ वाहायला गेली, तर मूठ उघडेना. तेल लावलं, उघडेना. वैद्य आला, उघडेना. भटजींनी मंत्र म्हटले, तरी उघडेना. मग ती रडत पायरीवर आली. तिथं रखमाजी पाथरवट पडला होता. त्यालाही घर नव्हतं, त्याचेही दिवस भरत आले होते.

"बाबा, भाकर आणू?"

"नको."

"घोंगडी आणू?"

"नको."

"मग करू तरी काय?"

"किती विचारतेस! बस की गप."

ती बसली. पहिल्या दिवशी त्यानं देवाला शिव्या दिल्या. तिनं अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "ह्या पायऱ्या मी घडवल्या. आत मात्र मला कधी घेतलं नाही. तो ओळखेल का गं मला?" मैनावती म्हणाली, "ठाऊक नाही, बाबा. मी ओळखते." तिसऱ्या दिवशी म्हणाला, "ती म्हातारी ना, गोदू तिचं नाव. भजन गोड म्हणायची." मैनावतीनं हंबरडा फोडला.

मग त्याला तहान लागली. तिनं घाईनं ओंजळ पुढं केली. मूठ केव्हा उघडली, तिचं तिला कळलं नाही. तांदूळ पायरीवर सांडले. तो पाणी प्याला, आणि तिचा हात धरून गेला.

माणसं आली. म्हणाली, "नाव काय?" मैनावती म्हणाली, "रखमाजी पाथरवट. आणि मागल्या शुक्रवारी नेलीत ना, ती गोदू."

हा वसा कधी घ्यावा? हाक येईल तेव्हा. त्याला काय लागतं? बसायला भुई. जशी मैनावतीची मूठ उघडली, तशी तुमची आमची उघडो. आणि बायांनो, ह्या घडीला बाहेर कोणी हाक मारत असेल, तर ही साठा उत्तरांची कहाणी पाचव्या उत्तरावरच टाका आणि उठा. ज्याच्या उशाशी बसाल, तिथंच ती सुफळ, तिथंच संपूर्ण.