सारजा आणि देवाचा बोकड

ही गोष्ट मुलींनी सांगायची नाही, असं काकूनं मला बजावलंय. म्हणून हळू सांगते, जवळ या.

फार वर्षांपूर्वी, आमच्या गावाला गाडीवाटसुद्धा नव्हती तेव्हा, इथं सारजा नावाची सून होती. लग्नाला बरीच वर्षं झाली, तरी घरात पाळणा हलला नाही. सासूनं तिला शेळ्यांमागं रानात धाडलं. आणि नेमकी त्याच वर्षी एकही शेळी व्याली नाही.

"वांझेची सावली पडली," सासू म्हणाली. "शिमग्यापर्यंत शेळ्या गाभण दिसल्या न्हाईत, तर त्या खाटकाला आन् ही माहेरी. पोराला दुसरी बघून ठेवलीय मी."

सारजा रानात शेळ्या निरखत राहिली. शेळ्या धडधाकट होत्या, वेळेवर माजावर यायच्या. बोकडही तगडा होता. तो देवाला सोडलेला, साऱ्या गावाचा लाडका. त्या साली देवळामागं पपया इतक्या लागल्या की झाडं वाकली. लोक गर खायचे आणि बिया मायेनं देवाच्या बोकडापुढं ओतायचे.

सारजानं एक तरणा बोकड डोंगरावर नेऊन बांधला. त्याला फक्त बाभळीचा पाला. निम्म्या शेळ्या तिनं त्याच्याजवळ ठेवल्या, निम्म्या खाली गावात.

"सोयरीक जमवतीस का गं बोकडांची?" म्हातारा गुराखी धोंडीमामा हसला.

"सोयरीक न्हाई मामा, पारख."

शिमगा आला. डोंगरावरच्या शेळ्यांची पोटं टरारली होती, खालच्या तशाच रिकाम्या. मग सारजानं देवाच्या बोकडालाही वर नेलं, त्याला पपईच्या बिया घालणं बंद केलं. काही महिन्यांनी त्याच्यापासून उरलेल्या शेळ्याही गाभण राहिल्या. असं म्हणतात, पुढं इतकी करडं झाली की डोंगराचा दगड दिसेना, आणि दुधाचा ओघळ थेट ओढ्याला मिळाला.

शेळ्या वाचल्या. पण सारजाला माहेरी धाडायचं अजून टळलं नव्हतं. एका सकाळी सारजा चुलीपाशी थबकली. सासू लेकाला गुळातून काळपट पूड चारत होती.

"आत्याबाई, ही कसली?"

"पपईच्या बियांची. ल्हानपणापासनं जंत होत्यात त्याला. रोज देते मी."

सारजा खाली बसली. "थोडं दिस बंद करून बघा."

"माझ्या हातचं वाईट व्हय गं?"

"बोकडालाबी गावानं मायेनंच घातलं होतं, आत्याबाई."

सासू उठली आणि तिनं पुडीचा डबा परसात रिकामा केला. असं म्हणतात, वर्ष फिरायच्या आत त्या घरात पाळणा बांधला, आणि बाळ पहिल्यांदा रडलं तेव्हा डोंगरावरची सगळी करडं एका सुरात ओरडली. सासू उंबऱ्यात बसून पोटभर रडली, आणि मग सुनेला तिनं स्वतःच्या हातानं न्हाऊ घातलं.

तेव्हापासून आमच्या गावात कुणाला वांझ म्हणत नाहीत, शेळीलाही नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवरदेव खांद्यावर करडू घेऊन सारजाचा डोंगर चढतो. नवरी सावलीत बसून गूळ-खोबरं खाते. आणि सासूनं सगळ्यांसमोर म्हणायचं असतं, "आधी बोकड बघीन, मग सुनेला बोलेन."

आमच्या दादाच्या लग्नात आईनं हे पदर तोंडाला लावून कसंबसं म्हटलं. वहिनी दोन दिवसांत पहिल्यांदाच मान वर करून हसली, आणि दादाच्या खांद्यावरच्या करडानं नेमकं तेव्हाच

थांबा, आतून हाक आली. आले, वहिनी!