अंबूचा तांब्या

"बुवा, हा तांब्या घेऊन आपण… कुठे निघालात?"

"बाभळीकडं."

"बाभळीला पाणी घालायला?"

"न्हाई."

त्र्यंबकराव देशिंगकरांनी एकदा ओढ्याकाठच्या बाभळींकडे पाहिलं. एकदा तांब्याकडे पाहिलं. मग त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी पुढे होऊन तांब्याचा गळा पकडला.

बूड बुवांच्या हातात होतं. ते त्यांनी सोडलं नाही.

सकाळची वेळ होती. माळावर गोंदाबुवांची मठी, मठीपुढे पाण्याचा रांजण, खुंट्याला शेळी. माणूस असं दुसरं कोणी नव्हतं. म्हातारे बुवा आणि उतारवयाला लागलेले त्र्यंबकराव एकाच तांब्याला दोन बाजूंनी धरून उभे होते.

त्र्यंबकराव तालुक्याच्या हायस्कुलात हेडमास्तर होते. निवृत्त झाल्यावर ते प्रवचनं करू लागले. बोलत सुरेख. विषय बहुधा एकच असे : अपरिग्रह. माणसानं काही साठवू नये, कशाला चिकटू नये.

गोंदाबुवा प्रवचन करत नसत. कोणी काही विचारलं तर उत्तर देत. नाही विचारलं तर शेळीची धार काढत.

मठीच्या उत्सवात त्र्यंबकराव भर मंडपात उठून उभे राहिले होते. हातात हा तांब्या. चिंच लावून लखलखीत घासलेला. पोटावर एक नाव कोरलेलं, 'अंबू'. त्यांच्या आईचं माहेरचं नाव. तिच्या लग्नात तिच्या मामांनी दिलेला तांब्या.

"माझ्या मातेची एवढी एकच वस्तू माझ्यापाशी उरली होती," ते म्हणाले होते. "आज तीही गुरुचरणी अर्पण करतो. आता मी मोकळा झालो."

मंडपात टाळ्या पडल्या.

बुवांनी तांब्या हातात घेतला, बोटाच्या पेरानं वाजवून पाहिला, आत डोकावून पाहिलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "माझा फुटलाच हुता."

मंडपात माना डोलल्या. मागं कोणीतरी डोळे पुसले. त्या एका वाक्यावर त्र्यंबकरावांनी पुढे दोन प्रवचनं केली.

आज ते मठीवर आले होते ते तांब्या कुठे ठेवलाय, कसा ठेवलाय, एवढं पाहायला. कोणी विचारलं असतं, तर दर्शनाला आलो म्हणाले असते.

"बुवा," ते आता म्हणाले, "हा मी आपल्याला देवाजवळ ठेवायला दिला होता."

"देवाकडं पंचपात्र हाय. त्याची काई तक्रार न्हाई."

"पण आपण… हा… यासाठी!"

"सांगितलं न्हवतं का तवाच? माझा फुटला म्हणून?"

त्र्यंबकरावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"म्हणजे आपण… टमरेलाविषयी बोलत होता?"

"मग? तुम्ही कशाविषयी ऐकलंत?"

"अहंकाराविषयी," त्र्यंबकराव हळूच म्हणाले.

"त्यो कुठं एवढ्यात फुटतोय…"

बुवांनी तांब्या आपल्याकडे ओढला. त्र्यंबकरावांनी आपल्याकडे. थोडं पाणी हिंदकळून त्यांच्या धोतरावर सांडलं.

"अहो, दुसरं भांडं न्या ना!"

"एक मडकं हाय, त्यातनं पितो. एक पातेलं हाय, त्यात आमटी शिजती. तुम्ही मास्तर. तुम्हीच सांगा, कुठलं नेऊ?"



"मी आपल्याला नवा आणून देतो. स्टीलचा. चांगला जाड."

"कवा?"

"गुरुवारी. बाजाराच्या दिवशी."

"मास्तर, आज सोमवार." बुवांनी भार या पायावरून त्या पायावर घेतला. "गुरवारपातूर मला काही दम निघायचा न्हाई."

शेळी ओरडली. दोघांनीही तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा तांब्याकडे.

"बरं, मग ऱ्हाऊ द्या," बुवा म्हणाले. "घ्या परत. घरी न्या."

"छे! छे! दिलेली वस्तू परत घेऊ? मी?"

"मग सोडा."

त्र्यंबकरावांनी सोडला नाही.

"घेत बी न्हाई, सोडत बी न्हाई," बुवा म्हणाले. "अपरिग्रह म्हंत्यात त्यो ह्योच का? मी अडाणी माणूस, म्हणून इचारतो."

"थट्टा करू नका, बुवा!" त्र्यंबकरावांचा आवाज चढला. "ही साधी वस्तू नाही. माझी आई आहे या तांब्यात. माझं सगळं लहानपण आहे!"

"असंल."

"आहेच!"

"मग सांगा की. काय हाय त्यात?" बुवांनी कपाळावरचा घाम पुसला. "फकस्त जरा बेतानं सांगा. आवरतं घ्या."

त्र्यंबकरावांनी घसा साफ केला. हे ते मंडपात अनेकदा बोलले होते. शब्द पाठ होते.

"माझी माता ब्राह्ममुहूर्तावर उठत असे. सुस्नात होऊन, याच तांब्यानं तुळशीवृंदावनाला…"

"याच?"

"हो. म्हणजे…"

"ह्योच तांब्या?"

त्र्यंबकराव थांबले.

"तुळशीला कलश होता," ते म्हणाले. "छोटा. वेगळा."

"मग ह्यो?"

"हा… पाहुण्यांपुढे ठेवायचा होता. एकदा विहिरीच्या काठावर आपटला. बुडाला पोचा पडला, नीट बसेना. नंतर कधीतरी मी तासगावकर तांबटाकडून ठोकून घेतला."

"पोचा पडल्यावर कुठं असायचा?"

"न्हाणीच्या दारात," त्र्यंबकराव म्हणाले.

बुवांनी तांब्याकडे पाहिलं.

"…पालथा," त्र्यंबकराव म्हणाले.

 बुवांची मिशी किंचित हलली.

वारा आला. बाभळीच्या शेंगा वाजल्या. त्र्यंबकरावांची नजर तांब्यावरच्या नावावर होती. 'अं'चं टिंब घासून घासून जवळजवळ पुसलं होतं.

"आमचं परस फार लांब होतं," ते म्हणाले. हा आवाज मंडपातला नव्हता. "अगदी टोकाला रामफळाचं झाड. त्याच्या पलीकडे जावं लागे. दिवसा काही वाटायचं नाही. पण दिवेलागण झाली की… मला भीती वाटायची. त्या झाडावर कोणीतरी बसतं असं आमच्या चुलतभावानं सांगून ठेवलं होतं."

"मग?"

"आई यायची बरोबर. हाच तांब्या घेऊन. ती झाडाच्या अलीकडे उभी राहायची, पाठ करून. मी पलीकडे. मधे झाड. ती दिसायची नाही."

त्र्यंबकरावांनी बाभळींकडे पाहिलं.

"मग मी विचारायचो, आई, आहेस ना? ती म्हणायची, आहे. जरा वेळानं पुन्हा, आई, आहेस ना? आहे रे बाबा. मी सारखा विचारायचो. दिवसभर राबलेली बाई. चूल तशीच टाकून आलेली. पण ओ द्यायला कधी कंटाळली नाही."

"कवाच न्हाई?"

"एकदा दिली नाही." त्र्यंबकरावांच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. "मी भोकाड पसरलं आणि तसाच… तसाच उठून पळत आलो. पाहतो तर ती तिथेच. तोंडात पदर कोंबून हसत होती. हसता हसता खालीच बसली. तांब्यातलं सगळं पाणी सांडलं. मग मला तसाच कडेवर घेऊन विहिरीपर्यंत…"

आणि हेडमास्तर त्र्यंबकराव देशिंगकर माळावर उभ्या उभ्या हसू लागले. आधी नाकातून, मग तोंडभर. इतके हसले की त्यांचा चष्मा घसरला. तो सावरायला त्यांनी हात वर नेला. डोळे पुसले, नाक पुसलं, पुन्हा हसले, पुन्हा डोळे पुसले.

दोन्ही हातांनी.

तांब्या बुवांच्या हातात होता. त्यांनी तो उलटा करून दाखवला. आत थेंबही उरला नव्हता. सगळं पाणी ओढाओढीत आणि हसण्यात त्र्यंबकरावांच्या धोतरावर गेलं होतं.

"हे प्रवचनात कसं सांगायचं, बुवा?"

"मला काय इचारता? मी कवा केलं प्रवचन?"

मग त्र्यंबकराव सावकाश पुढे आले. त्यांनी हात पुढे केला. बुवांनी मुकाट्यानं तांब्या दिला.

तांब्या घेऊन ते रांजणाशी गेले. ओगराळ्यानं पाणी काढून काठोकाठ भरला. धोतराच्या सोग्यानं बाहेरून पुसला. नाव आलं तिथे त्यांचा हात थोडा रेंगाळला. नंतर ते परत आले आणि दोन्ही हातांनी तांब्या बुवांपुढे धरला.

या वेळी मंडप नव्हता. शेळी होती, पण तिचं लक्ष पाल्याकडे होतं.

बुवांनी तांब्या घेतला आणि ते लगबगीनं निघाले. एवढा म्हातारा माणूस इतक्या चपळाईनं चालू शकतो हे त्र्यंबकरावांनी प्रथमच पाहिलं.

ते घरी जायला वळले. चपला पायात सरकवल्या.

"ए, कुठं निघालास?"

बुवांनी आजवर त्यांना कधी अरे-तुरे केलं नव्हतं. त्र्यंबकराव जागच्या जागी थांबले. बुवा बाभळीच्या आड पोचले होते. धड दिसत नव्हते. नुसता आवाज आला.

"हितंच थांब… आन् मी हाक मारली, तर ओ दे."