पहिल्या निवडीचा पाथरवट

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात लोकांचं ऐकून ऐकून थकलेला एक म्हातारा पंच होता.

दर जत्रेत या गावाचा शेजारच्या गावाशी निशाणाचा खेळ व्हायचा. एकाने निशाण घेऊन समोरच्यांच्या हद्दीपर्यंत पळायचं आणि त्याच्या पुढच्या पाच गड्यांनी खांद्याला खांदा लावून त्याची वाट मोकळी करायची. जत्रेआधी वाड्यावस्त्यांवरचे तरणे गडी चिंचेखाली जमत आणि दोन्ही गावं त्यांतून आळीपाळीने एकेक नवा गडी घेत. आदल्या साली हरलेल्या गावाने पहिला गडी निवडायचा, अशी रीत होती. त्या गड्याला घोड्यावर बसवून वाजतगाजत आणायचं, अशी दुसरी रीत. आता घोड्यावर शोभतो तो सडपातळ, देखणा पळणाराच. म्हणून गाव दर साली पळणारा निवडी आणि दर साली हरे.

त्या पळणाऱ्यांचं पुढे काय होई, ते पंच विसरू शकत नव्हता. नावं त्यानेच पुकारली होती. एक जण आता काठी टेकत शेळ्या राखायचा. दुसऱ्याचा हात खांद्याच्या वर जात नसे. गेल्या सालचा रायबा कुंभार बरगड्या बांधून पडला होता, तो आत्ता कुठे चाकावर बसू लागला होता.

निवडीच्या दिवशी रायबाची आई पंचाच्या ओसरीवर आली. "अण्णा, पोरगं यंदाही पळायचं म्हणतंय. माझं ऐकत नाही. धड परत येईल असं काहीतरी बघा," एवढंच म्हणाली आणि गेली.

चिंचेखाली एक पोरगा असा पळून दाखवत होता की धूळ मागाहून उडावी. सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं. पंचाचं लक्ष मात्र कडेला उभ्या असलेल्या जाड मानेच्या पाथरवटाकडे गेलं. त्याने नाव पाथरवटाचंच पुकारलं.

पाटील म्हणाले, "अण्णा, घोड्याला तरी विचारलंत का?"

लोक पोट धरून हसले. पंच हळूच म्हणाला, "पळणारा आपल्याकडे आहे, पाटील. त्याला उभा ठेवणारा नाही."

पाथरवट लाजून घोड्याशेजारून चालत गावात आला. शेजारच्या गावाने तो वाऱ्यासारखा पोरगा उचलला आणि तिकडे गुलाल उधळला गेला. खेळापर्यंत पंचाला अन्न गोड लागलं नाही. आपण आपल्या भीतीलाच शहाणपण तर म्हणत नाही ना, असं त्याला सारखं वाटत राही.

खेळात तो पोरगा दोनदा विजेसारखा सुटला आणि थोडक्यात अडवला गेला. तिसऱ्यांदा त्याच्या पुढची फळी फुटली आणि चार जण त्याच्यावर कोसळले. तो गुडघा धरून ओरडला आणि पुन्हा उठला नाही. इकडून निशाण रायबाकडे होतं; बरगड्या दुखावल्यापासून तो बेताचाच पळे. पण त्याच्यापुढे पाथरवटाची पाठ होती. माणसं पाथरवटावर आदळत आणि बाजूला पडत. रायबाने जवळजवळ चालतच जाऊन निशाण रोवलं.

गावाने रायबाला खांद्यावर घेतलं. पाटील पंचाजवळ येऊन म्हणाले, "काय पळाला रायबा! उगाच पहिली निवड त्या धोंड्यावर घालवलीत. पुन्हा पहिली निवड मिळाली की पळणाराच घ्यायचा."

आपलंच बरोबर होतं, अशी खात्री पंचाला अजूनही नव्हती. तिकडे त्या पोराला बैलगाडीत निजवत होते. रायबा खांद्यांवरून उतरला, तेव्हा त्याच्या आईने सगळ्यांदेखत त्याच्या बरगड्या एकेक करून चाचपल्या. मग लेकासाठी बांधून आणलेली भाकरी तिने फडक्यातून सोडली आणि एकटाच बसून खांदे चोळणाऱ्या पाथरवटाच्या हातावर ठेवली.

तात्पर्य: पळणारा सगळ्यांना दिसतो. त्याची वाट राखणारा आधी निवडावा, आणि त्याबद्दल शाबासकीची वाट पाहू नये.