बाराव्या दिवसाआधी

फार वर्षांपूर्वी एका रात्री ओढ्यावर वीज कडाडली. काठच्या बिळात उंदरीण सहा दिवसांच्या चार पिल्लांना पाजत होती. तेवढ्यात खेकडीण धापा टाकत आली.

"अगं, वरच्या अंगाला धो धो पडतोय. पाणी येतंय. पोरं घे आणि बांधावर चल."

"मावशी, बाराव्याआधी बाळंतिणीनं बाहेर पडायचं नसतं. सासूबाई काय म्हणतील?"

"पाणी पोरांचं बारसं होईपर्यंत थांबणाराय का? आणि सासूबाई केव्हाच बांधावर जाऊन बसल्यात!"

उंदरणीनं एकेक पिल्लू तोंडात धरून वर नेलं. चौथ्याला उचललं, तेव्हा तिचे पाय भिजले होते. मागे वळून बघितलं तर बीळ दिसेना.

बांधावर ती म्हणाली, "मावशी, पलीकडची घूस परवाच बाळंत झालीय. तीही दिवस मोजत बसली असेल. तिला सांग गं."