बंधाऱ्याच्या दाराचा गोंधळ

फार वर्षांपूर्वी एका नदीवरच्या बंधाऱ्याला लोखंडी दार होतं. खाली किती पाणी सोडायचं, हे तेच ठरवायचं.

"भरपूर सोड, माझ्यात सहलीचे लोक बसतात," नाव म्हणायची. "नको रे बाबा, माझी अंडी वाहून जातील," मासोळी विनवायची. तळाचे गोटे म्हणायचे, "आम्ही गाळात गुदमरतोय. एकदा जोरात सोड."

दार गोंधळलं. कुणी दुखावू नये म्हणून ते बारा महिने अर्धंच उघडं राहिलं. नाव वाळूत रुतली, निम्मी अंडी वाहून गेली, गाळ तसाच राहिला. आपलं काय चुकलं, ते दाराला कळेना.

त्यानं म्हाताऱ्या कासवाला विचारलं. कासव म्हणालं, "किती हवं ते ऐकलंस. कधी हवं ते विचारलंस का?"

दारानं विचारलं. गोट्यांना भर पावसाळ्यातले चार दिवस पुरणार होते. मासोळीला त्यानंतर महिनाभर संथ पाणी हवं होतं. नाव म्हणाली, "माझे लोक थंडीतच येतात."

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

नाव जरा ओशाळली. "मला वाटायचं, नदी माझ्यासाठीच वाहते."