नमुन्याचं गाव

नाशिक शहरात निशिकांत नावाचा एक हुशार अभियंता राहत असे. त्याने नकाशे तयार करण्याचं एक सॉफ्टवेअर बनवलं आणि सर्वांना फुकट, खुलं करून दिलं. पुष्कळ लोकांनी ते उतरवून घेतलं. पण बहुतेकांनी ते एकदा उघडलं आणि बंद केलं ते कायमचंच. "लोकांना शिकायचा कंटाळा आहे," असं म्हणून निशिकांत पुन्हा कामाला लागे.

दूर सातपुड्यातल्या एका डोंगराळ गावात कौसल्याताई गावित आशा सेविका होत्या. गावाचे पाडे दऱ्याखोऱ्यांत विखुरलेले. एका पावसाळ्यात रुग्णवाहिका वाट चुकून भलत्याच पाड्यावर गेली आणि अडलेल्या बाईला वेळेवर मदत मिळाली नाही. बाई वाचली, पण बाळ हाती लागलं नाही.

कौसल्याताईंनी ठरवलं, सगळ्या पाड्यांचा नकाशा काढायचा. त्यांनी आरोग्य केंद्रातल्या संगणकावर निशिकांतचं सॉफ्टवेअर घेतलं. बरेच दिवस खटपट केली. शेवटी सॉफ्टवेअरसोबत दिलेल्या नंबरवर त्यांनी निशिकांतला फोन लावला.

"साहेब, तुमचं सॉफ्टवेअर माझ्याकडून बिघडलं वाटतं. उघडलं की नुसतं पांढरं दिसतं. माफ करा."

निशिकांत हसला. "बिघडलं नाही ताई. ते रिकामंच असतं. माहिती आपण भरायची."

"मग एखादा भरलेला नकाशा बघायला मिळेल का? एकदा बघितला की जमेल मला."

असा नकाशा निशिकांतने कुठे ठेवलाच नव्हता. चूक आपली, आणि माफी या बाई मागताहेत, हे त्याच्या मनाला लागलं.

तेव्हा तो एका मोठ्या परिषदेसाठी सॉफ्टवेअरमध्ये एक नवी करामत तयार करत होता. ती दाखवली असती तर त्याचं नाव झालं असतं. नमुन्याचा नकाशा केल्याबद्दल कोण वाहवा करणार? तरी त्याने ती करामत बाजूला ठेवली. एक काल्पनिक गाव रचलं. त्यात नदी, विहीर, शाळा, घरं, रस्ते घातले. प्रत्येक गोष्ट कशी काढली ते सोप्या मराठीत शेजारी लिहिलं. सॉफ्टवेअर उघडताच हेच गाव दिसेल अशी सोय केली आणि तसं कौसल्याताईंना कळवलं. वर लिहिलं, "हवं ते हलवा, हवं ते पुसा. काही बिघडत नाही."

परिषदेत टाळ्या दुसऱ्यांना मिळाल्या. निशिकांत मागच्या रांगेत बसून होता. त्याला थोडं वाईट वाटलंच.

इकडे कौसल्याताईंनी त्या गावातली विहीर पुसली, पुन्हा काढली. रस्ता वळवून पाहिला. हात बसला, तसा त्यांनी आपल्या पाड्यांचा नकाशा केला आणि रुग्णवाहिकेच्या चालकाला दिला.

पुढच्या पावसाळ्यात निशिकांतचा फोन वाजला.

"साहेब, गाडी थेट पाड्यावर आली. मुलगी झाली!"

"दोघी बऱ्या आहेत ना?" निशिकांतने विचारलं.

"एकदम बऱ्या."

तात्पर्य: एखादी वस्तू सर्वांना खुली करून देणं पुरेसं नाही. नवख्या माणसाला तिच्यात पहिलं पाऊल टाकता यावं म्हणून जो कष्ट घेतो, त्याचंच देणं लोकांच्या कामी येतं.